चिठ्ठी पलीकडची, मेडिकल अलीकडचं

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की रोजची गोळी संपायच्या आठ दिवस आधी पुढची आणून ठेवा. त्यावर चंदगड, दोडामार्ग, तलासरी, सिरोंचा असं चारी बाजूंनी लोकांनी लिहिलं की काका, तुमचं बरोबर आहे हो, पण आमचा डॉक्टर एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात, आणायचं कुठनं ते पण सांगा. खरंय. मी स्वतः तीस वर्षं हद्दीवरच्या गावात मेडिकलच्या काउंटरमागं काढलीत, त्यामुळं हे प्रश्न मला नवीन नाहीत, पण त्यांची उत्तरं लोकांपर्यंत जात नाहीत याचं वाईट वाटतं. म्हणून यावेळी सगळी जागा याच पत्रांना.

प्रश्न: काका नमस्कार. आम्ही चंदगड तालुक्यातले. सासऱ्यांना फिट येतात, तीन वर्षं झाली बेळगावच्या डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे, कारण बेळगाव आम्हाला जवळ आणि कोल्हापूर म्हणजे शंभर किलोमीटरच्या पुढं. गोळ्या दवाखान्याच्या खालच्या मेडिकलमध्येच मिळतात. इकडचा मेडिकलवाला आधी म्हणायचा ही कंपनी आमच्याकडं येत नाही, आणि मागच्या महिन्यात तर म्हणाला कर्नाटकातली चिठ्ठी इथं चालतच नाही. पावसात जाता आलं नाही, तीन दिवस गोळी चुकली आणि चौथ्या दिवशी पहाटे फिट आली, जीभ चावली गेली त्यांची. चिठ्ठी खरंच चालत नाही का?

उत्तर: चालते ताई. अगदी शंभर टक्के चालते. औषधविक्रीचा कायदा 1940 चा आणि त्याचे नियम 1945 चे, आणि हे दोन्ही अख्ख्या देशाला एकच आहेत, महाराष्ट्राचे वेगळे आणि कर्नाटकचे वेगळे असं काही नाही. चिठ्ठी रजिस्टर्ड डॉक्टरची पाहिजे, त्यावर डॉक्टरची सही, तारीख, पेशंटचं नाव-पत्ता, औषध किती आणि कसं घ्यायचं हे लिहिलेलं पाहिजे, बस्स. शिनोळीचा नाका ओलांडला म्हणून त्या कागदाची किंमत कमी होत नाही. दुकानदार असं म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्याकडं माल नसतो आणि नाही म्हणायची ती सोपी पद्धत असते, किंवा त्यालाच कुणीतरी तसं सांगितलेलं असतं.

पण त्याची पहिली गोष्ट, म्हणजे ही कंपनी आमच्याकडं येत नाही, ती मात्र खरी असू शकते आणि ती नीट समजून घ्या कारण सगळी गोम तिथंच आहे. कंपनीचा माल आधी राज्याच्या डेपोत येतो, तिथनं जिल्ह्याच्या स्टॉकिस्टकडं, म्हणजे घाऊक व्यापाऱ्याकडं, आणि मग मेडिकलमध्ये. बेळगावचा दुकानदार कर्नाटकच्या साखळीतनं माल घेतो, तुमचा चंदगडचा कोल्हापूर-गडहिंग्लजच्या. लहान कंपनी असेल तर तिचा माणूस बेळगावात डॉक्टरांकडं फिरत असतो आणि आपल्या बाजूला तिचा स्टॉकिस्टच नसतो. मग चिठ्ठीवर त्या ब्रँडचं नाव असलं की झालं, औषध तेच पाच कंपन्यांचं समोर कपाटात असून दुकानदार देऊ शकत नाही, कारण नियम 65 प्रमाणं शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीतल्या, औषधाची चिठ्ठी ज्या ब्रँडची आहे त्याच्या जागी त्यानं आपल्या मनानं दुसरा द्यायचा नाही. म्हणजे चिठ्ठी हद्द ओलांडते पण ब्रँड ओलांडत नाही.

आता करायचं काय, तर पुढच्या वेळी बेळगावला जाल तेव्हा डॉक्टरांना हात जोडून एवढंच सांगा की साहेब, औषधाचं मूळ नाव, म्हणजे कंपनीनं दिलेलं नाही तर जेनेरिक, मोठ्या अक्षरात लिहून द्या. मेडिकल कौन्सिलनं 2016 मध्येच डॉक्टरांना हे सांगितलेलं आहे, त्यामुळं तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. दुसरं, किती महिने चालू ठेवायचं आणि दर महिन्याला किती गोळ्या हे पण लिहून घ्या, कारण नियम असा आहे की डॉक्टरनं परत द्या असं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं. पुष्कळ लोकांना हे माहितीच नसतं, ती एक चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये घडी घालून दोन-दोन वर्षं फिरवतात, घडीवरची शाई उडून गेलेली असते आणि नेमकं औषधाचं नाव त्या घडीवर असतं.

आणि स्ट्रिप. हे मी कळकळीनं सांगतो. माझ्याकडं एक आजोबा यायचे, पिशवीतनं कात्रीनं कापलेला पत्र्याचा तुकडा काढायचे, दोन रिकामी भोकं आणि मागं नावाची शेवटची तीन अक्षरं, आणि म्हणायचे हीच द्या. आता त्या तीन अक्षरांनी संपणारी निदान डझनभर औषधं आहेत, मी कुठली देऊ? पाच गोळ्या घ्यायच्या असतील तरी ज्या बाजूला नाव, ताकद आणि एक्सपायरी छापलेली असते ती बाजू मागून घ्या, आणि अख्ख्या स्ट्रिपचा मागून-पुढून फोटो घरातल्या दोन मोबाइलवर ठेवा.

फिटच्या गोळ्यांचं एक वेगळं आहे. त्यात फेनिटॉइनसारखी काही औषधं अशी आहेत की कंपनी बदलली तर रक्तातलं प्रमाण थोडं इकडं-तिकडं होतं आणि तेवढ्यानं सुद्धा फिट येऊ शकते किंवा चक्कर, झोप सुरू होते. म्हणून मूळ नाव लिहून आणलंत तरी इकडची कंपनी डॉक्टरांना फोनवर सांगून एकदा ठरवा आणि मग तीच धरून ठेवा, महिन्याला बदलू नका. तुमच्या मेडिकलवाल्याला पण सांगा की दर महिन्याला साठ गोळ्या आम्ही घेणारच, मग तो मागवतो, कुठल्याही दुकानदाराला न खपणाऱ्या मालाची भीती असते, कायमच्या गिऱ्हाइकाची नसते. आणि पावसाळ्याच्या तोंडावर पंधरा दिवसांचा जास्तीचा साठा घरात पाहिजेच. गोळी अचानक बंद पडली की एकामागनं एक फिट येऊ शकतात आणि त्यात जीव जातो, जीभ चावण्यावर निभावलं हे नशीब समजा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली तर कुठल्या राज्यातला दवाखाना हे बघत बसू नका, 108 ला फोन करा आणि जवळचं हॉस्पिटल गाठा.

अगदीच जाता आलं नाही तर डॉक्टरांशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलून व्हॉट्सअॅपवर चिठ्ठी मागवा. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या पेशंटला असा सल्ला देऊ शकतात. झोपेच्या आणि नशेच्या यादीतली काही औषधं तेवढी फोनवर लिहून देता येत नाहीत.

प्रश्न: मी दोडामार्ग तालुक्यातली. आमका सगळ्यांका बांबोळी जवळ. नवऱ्याला बीपी आणि शुगर, तिथल्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, दाखवलेलं, तिथले डॉक्टर चांगले आहेत पण आता महिन्याच्या गोळ्यांसाठी तिकडे जायचं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडतो, गाडीभाडं वेगळं, आणि गोव्याचे नसल्यामुळं पैसे पण लागतात. योजनेच्या कार्डावर गोळ्या मिळत नाहीत का? आता काय करूचा सांगा.

उत्तर: ताई, बांबोळीला बाहेरच्या राज्यातल्या पेशंटकडून फी घ्यायला जानेवारी 2018 पासून सुरुवात झाली, तेव्हा तुमच्याकडं किती संताप झाला होता ते मला आठवतंय, आणि तो रास्तच होता कारण सिंधुदुर्गातली दोन-तीन पिढ्यांची माणसं त्याच दवाखान्याच्या भरवशावर राहिली. पण योजनेचं म्हणाल तर महात्मा फुले योजना काय किंवा आयुष्मान कार्ड काय, दोन्ही मुख्यतः अ‍ॅडमिट होऊन होणाऱ्या उपचारांसाठी. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांची औषधं धरलेली असतात, ती मात्र नक्की मागून घ्या, बरेच जण मागतच नाहीत. महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

त्यासाठी बांबोळीला जायची गरजच नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय, केसपेपरपासून औषधापर्यंत सगळं मोफत आहे. बांबोळीची फाइल घेऊन तुमच्या आरोग्य केंद्रात जा, तिथल्या डॉक्टरांना दाखवा, ते त्यांच्या केसपेपरवर लिहून देतील आणि तिथंच गोळ्या मिळतील. तिथं म्हणतील की ही कंपनी नाही, पण बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांना कंपनी बदललेली चालते, ताकद आणि मूळ नाव तेवढं तेच आहे का बघा. बाहेरनं लिहून द्यायला लागले तर आधी विचारा की साठ्यात कधी येणार, आणि महिन्याची एकदम द्यायला सांगा, आठवड्याच्या हिशोबानं घेऊ नका. बांबोळीला मग तीन-चार महिन्यांनी तपासणीपुरतं गेलं तरी चालेल, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न: गोव्यात औषधं स्वस्त असतात म्हणून गावातले लोक एकमेकांकडनं मागवतात, खरं आहे का?

उत्तर: छापील किंमत सगळे कर धरून असते आणि त्याच पाकिटाची राज्यागणिक बदलत नाही. कुठला दुकानदार दहा टक्के सोडतो, कुठला सोडत नाही, फरक तेवढाच. खरा फरक पाहिजे असेल तर जनऔषधी केंद्र बघा, जवळचं कुठं आहे आणि गोळी केवढ्याला आहे ते जनऔषधी सुगम नावाच्या अ‍ॅपवर दिसतं, आणि तिथं पण मूळ नावाची चिठ्ठीच कामाला येते.

प्रश्न: मी आशा आहे, सिरोंचा तालुका. आमच्याकडची माणसं जानेवारी-फेब्रुवारीत मिरची तोडायला तेलंगणात जातात, दोन-तीन महिने तिकडेच शेतावर राहतात. यंदा माझ्या एका टीबीच्या पेशंटला पण जायचं आहे, ट्रीटमेंट सुरू होऊन दोनच महिने झालेत, बरं वाटतंय म्हणून ऐकत नाही. मागच्या वर्षी एक असाच गेला आणि परत आला तेव्हा गोळ्या बंद करून आला होता, नंतर फार त्रास झाला. थांब म्हटलं तर घर कसं चालवू विचारतो. काय करू?

उत्तर: ताई, थांब म्हणून तो थांबणार नाही आणि त्याचं पण चुकत नाही, वर्षाचा पैसा त्या दोन महिन्यांत होतो. त्यामुळं त्याच्याबरोबर औषध कसं जाईल हेच बघायला लागेल, आणि टीबीच्या बाबतीत ते जमतं. त्याचा निक्षय नंबर, म्हणजे सरकारच्या टीबीच्या नोंदीतला नंबर, असेल, तो देशभर एकच असतो. जायच्या आधी तुमच्या आरोग्य केंद्रातल्या टीबीच्या सुपरवायझरला सांगून त्या नंबरवर त्याची बदली तिकडच्या केंद्राकडं टाकून घ्या, म्हणजे गोळ्या त्याला तिकडच्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतील. त्यासाठी मुकादमाकडून गावाचं आणि मंडलाचं, म्हणजे तिकडच्या तालुक्यासारख्या भागाचं, नाव पक्कं विचारा, नुसतं वरंगलकडं किंवा खम्ममकडं असं सांगून चालत नाही, आणि मुकादमाचा फोन नंबर तुमच्या डायरीत पाहिजे.

तरी पण बदली कागदावर होते आणि माणूस तिथं पोचायला आठ दिवस लागतात, म्हणून निघताना महिनाभराच्या गोळ्या हातात देता येतात का ते सुपरवायझरला विचाराच. निक्षय नंबर पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यात लिहून गोळ्यांच्या पिशवीत टाका, कारण मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो, रिचार्ज संपतो. गोळ्या वजनाप्रमाणं असतात, त्यामुळं रोज किती गोळ्यांचा डोस आहे ते पण त्याच पुठ्ठ्यावर. भाषेची धास्ती त्याला वाटत असेल तर सांगा की तेलुगूत सुद्धा टीबीला क्षयच म्हणतात, तेवढा एक शब्द आणि नंबर दाखवला की तिथली नर्स समजते. तिकडं उपकेंद्राला पल्ले दवाखाना म्हणतात, पल्ले म्हणजे खेडं, आणि आशा तिथं पण आहेतच. काही अडलं तर 1800-11-6666 हा टीबीचा मोफत नंबर आहे. पोषणाचे महिन्याचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून 500 चे 1000 झालेत आणि ते खात्यातच येतात, गाव सोडलं म्हणून बंद होत नाहीत, हे त्याला मुद्दाम सांगा, कारण पैसे जातील या भीतीनं लोक बदलीला नाही म्हणतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाजारात मेडिकलमधनं दोन-चार गोळ्या विकत घेऊन चालवायचं नाही. टीबीला चार औषधं असतात, नंतर तीन, त्यातली एखादी सुटी मिळाली म्हणून तीच घेत राहिला तर जंतू त्याला सरावतात आणि मग सहा महिन्यांचं काम कितीतरी लांबतं. मागच्या वर्षीच्या पेशंटचं काय झालं ते त्याला तुमच्या तोंडून सांगा, तुमचं ऐकेल तो.

प्रश्न: आम्ही तलासरीकडचे. आईला इन्सुलिन लागतं. गावात मेडिकल नाही, इन्सुलिन वापीला मिळतं. ऑनलाइन बघितलं तर आमच्या पिनकोडला डिलिव्हरी नाही दाखवतं. वापीचा मेडिकलवाला म्हणतो बसमध्ये किंवा जीपवाल्याकडं पार्सल देतो. घेतलं तर चालेल का? घरात फ्रीज आहे पण लाइट दिवसातनं चार-पाच तास नसते.

उत्तर: जीपवाल्याकडं नको दादा. करोनाच्या वेळी 26 मार्च 2020 ला केंद्रानं दुकानदारांना घरपोच औषध द्यायची परवानगी दिली पण ती त्याच महसुली जिल्ह्यापुरती, वापी पडतं गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात आणि तुम्ही पालघरात, म्हणजे तो नियम तुमच्या कामाचा नाही. पण नियम सोडा, माझी काळजी वेगळीच आहे. इन्सुलिन 2 ते 8 अंशात ठेवायचं असतं आणि जीपच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात हात ठेवून बघा एकदा. तापलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं, आई टोचून घेत राहते आणि शुगर चारशेच्या खाली येत नाही, मग डॉक्टर डोस वाढवतात, आणि दोष कशाचा ते कुणालाच कळत नाही. असे पेशंट मी बघितलेत.

तुम्ही स्वतः जा, किंवा वापीला कामाला जाणारं गावातलं कुणी असेल त्याच्याकडं चिठ्ठी द्या. पेशंटनंच दुकानात यायला पाहिजे असं नाही, आणि स्वतःच्या वापराचं औषध राज्याबाहेर न्यायला मनाई नाही, चिठ्ठी आणि बिल बरोबर ठेवा. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये तळाला बर्फ, त्यावर जाड फडकं, त्यावर इन्सुलिन. बर्फाला बाटली टेकू द्यायची नाही, गोठलेलं इन्सुलिन तापलेल्याइतकंच वाया गेलं.

घरी लाइट जाते तेव्हा फ्रीजचं दार उघडू नका, चार-पाच तास बंद फ्रीज पुरेसा थंड राहतो, फ्रीजरला लागून मात्र ठेवू नका. लाइट फारच जात असेल तर मातीचा माठ उत्तम. माठात थोडं पाणी, त्यात घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची डबी, डबीत इन्सुलिन, आणि माठ सावलीत वारं लागेल असा. फोडलेली बाटली माठात किंवा घरातल्या थंड कोपऱ्यात साधारण चार आठवडे चालते, फोडल्याची तारीख लेबलवर पेननं लिहा आणि त्यानंतर शिल्लक असलं तरी टाकून द्या. पाण्यासारखं इन्सुलिन गढूळ झालं किंवा दुधाळवाल्यात हातात फिरवून पण गाठी राहिल्या तर टोचू नका. आणि हो, एक तरी बाटली नेहमी शिलकीत, आणि तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात एकदा विचारून बघा, तिथं मिळत असेल तर वापीची खेपच वाचते.

प्रश्न: सर, मी निपाणीत डी फार्म केलं, रजिस्ट्रेशन कर्नाटकचं आहे. सासरवाडी चंदगड तालुक्यातल्या एका मोठ्या गावातली, त्या गावात एकही मेडिकल नाही म्हणून तिकडे दुकान टाकायचा विचार आहे. कर्नाटकच्या रजिस्ट्रेशनवर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. डॉक्टरची चिठ्ठी हद्द ओलांडते, फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन ओलांडत नाही. 1948 च्या फार्मसी कायद्यात रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणजे ज्या राज्यात तो राहतो किंवा धंदा करतो त्या राज्याच्या नोंदवहीत ज्याचं नाव आहे तो. त्यामुळं आधी कर्नाटकच्या कौन्सिलकडनं ना-हरकत घ्या, मग महाराष्ट्राच्या कौन्सिलमध्ये नाव लावा, आणि त्यानंतर अन्न व औषध प्रशासनाकडं 20 आणि 21 नंबरच्या लायसन्ससाठी अर्ज. जागा कमीत कमी 10 चौरस मीटर पाहिजे आणि फ्रीज पाहिजेच. लायसन्स हातात यायच्या आधी दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर दुकान चालवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका.

तुम्ही दोन्हीकडचे आहात, बेळगावचे डॉक्टर काय लिहितात ते तुम्हाला माहीत आहे आणि कोल्हापूर-गडहिंग्लजचे स्टॉकिस्ट माहीत करून घ्याल, अशा माणसाची त्या भागात फार गरज आहे. पहिला माल भरताना फिटच्या, थायरॉइडच्या आणि हार्टच्या गोळ्या आधी भरा, खोकल्याची बाटली कुठंही मिळते. दुकान सुरू झालं की मला गावाचं नाव कळवा, वर ज्या ताईंनी सासऱ्यांसाठी लिहिलंय त्यांना मी सांगतो, महिन्याला साठ गोळ्यांचं एक गिऱ्हाईक तुमचं पहिल्या दिवसापासून पक्कं आहे.